वहीतली तिसरी ओळ

प्रिय सुमन,

तुला पत्र लिहायची माझी ही दुसरीच वेळ. पहिलं लग्न ठरल्यावर लिहिलं होतं आणि तू उत्तरात एवढंच कळवलंस, की पत्र चांगलं आहे पण निबंधासारखं वाटतं. वीस वर्षं झाली गो, तरी ते वाक्य माझ्या घशात अडकलंय.

आज निबंध लिहीत नाही. आज सकाळच्या एस.टी.नं आपली जुई रत्नागिरीला माझ्या ताईकडे गेली. आता तिथंच राहणार, नववीला शाळेत बसणार. तिला पालीच्या स्टँडवर सोडून आलो, शाळेत जाऊन चार तास शिकवलं, घरी आलो. आता दिवेलागण झाली. घरात मी, मांजर आणि तुझी ती वही. बोलू कोणाशी?

सहा वर्षांपूर्वी तू तिला माझ्याच शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलंस, त्याचं खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचो, हिची हौस. खरं कारण माझ्या फळ्यावर होतं. तिसरीच्या वर्गाला मी 'माझी आजी' हा निबंध फळ्यावर लिहून दिला, सगळ्यांनी उतरवून घेतला. जुईनंही. आजी मला रोज गोष्ट सांगते, माझ्यासाठी लाडू करते. तू वाचलंस आणि तिला विचारलंस, "जुई, तुला आजी कुठाय?" दोन्ही आज्या ती जन्मायच्या आधीच गेलेल्या. पोर म्हणाली, "नसली म्हणून काय झालं? दहापैकी नऊ मिळाले ना!"

मला तर हसू आलं होतं. तू हसली नाहीस. भाकरी थापता थापता म्हणालीस, "अहो, लिहायला-वाचायला ती कुठंही शिकेल. पण हे जे शिकली ना, ते आता मला पुसत बसायला लागेल."

लागलं मला ते. दोन महिने तुझ्याशी कामापुरतं बोललो. वाडीत लोक हसायचे, गुरुजींची पोर गुरुजींच्याच शाळेत जात नाही. मी सगळा राग तुझ्यावर काढायचो आणि तू तिला घेऊन बांधावर बसलेली असायचीस, बेडकाची अंडी बघत.

आणि मग ती वही. दिवे लागले की तुम्ही दोघी पडवीत बसायचात. आज आपलं स्वतःचं काय चुकलं ते एका ओळीत लिहायचं. दुसऱ्याचं नाही, आपलं. वाचणाऱ्यानं त्यावर बोलायचं नाही. रागवायचं नाही आणि शाबासकीही द्यायची नाही. आधी जुईची ओळ, खाली तुझी, त्याखाली एक ओळ कोरी. "ती तुमची," म्हणायचीस. मी पेपर तोंडासमोर धरायचो. दिवसभर चाळीस पोरांच्या चुका काढून यायचं आणि घरी येऊन आपल्या काढायच्या? कोणी सांगितलंय!

पण पेपराआडून मी वाचायचो हं. एकदा तू लिहिलं होतंस, मासेवालीला टाळायला मी जुईला खोटं बोलायला लावलं. आईनं असं पोरीपुढं लिहायचं? मला वाटलं, पोर आता हिच्या डोक्यावर बसणार. उलटंच झालं. चार दिवसांनी जुईची ओळ आली, शेजारच्या भागीकाकूंचे काजू मी न विचारता काढले. मी तर काठी शोधायला निघालो होतो. तू डोळ्यांनीच मला बसवलंस. दोन दिवस घरात कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पोर स्वतःच काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. काकूंनी ऐकून घेतलं आणि तिच्या ओच्यात काजूचे आणखी चार बोंडू टाकले. त्या दिवशी तुला 'बरं केलंस' म्हणायला हवं होतं मी. का नाही म्हणालो?

गेल्या भादव्यात तापाचं निमित्त झालं आणि पाचव्या दिवशी तू नाहीस. जाण्याआधी काही सांगून जायचंस तरी. घर कसं चालवायचं ते ताईनं सांगितलं, दिवस कसे घालायचे ते भटजींनी सांगितलं. पोरीशी कसं बोलायचं ते कोण सांगणार होतं?

मी आपलं मला येतं ते केलं. वेळापत्रक केलं. शाळेत जायच्या आधी दोन तास, आल्यावर दोन तास. हसशील, पण पडवीत तिला एकटीला उभी करून प्रार्थनासुद्धा म्हणायला लावली. तुला दिवसाला शंभर प्रश्न विचारणारी पोर, मला नुसतं "हो बाबा" म्हणायची. मला वाटलं, शिस्त लागतेय.

आता जे लिहितोय ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर एकदा वही उघडी दिसली. तू गेल्यावरही ती रोज लिहीत होती. त्या दिवशीची ओळ होती: आज आईच्या साडीत तोंड घालून रडले आणि बाबांनी विचारलं तर सर्दी झाली म्हणाले.

माझ्या हातात शाळेच्या वह्या तपासायचं लाल पेन होतं. सुमन, मी त्या ओळीखाली बरोबरची खूण केली. आणि लिहिलं, 'छान. भावना चांगल्या मांडल्या आहेत. अक्षर सुधारावे.'

सव्वीस वर्षं वह्या तपासलेला हात. मनात काय होतं ते मलाच माहीत, त्या हाताला दुसरं काही लिहिताच आलं नाही. तुझ्या कोऱ्या ओळीवर, माझ्या कोऱ्या ओळीवर, दोन्हींवर लाल शाई सांडून बसलो. जुईनं दुसऱ्या दिवशी वही उघडली, बघितली, मिटली आणि तांदळाच्या डब्यावर ठेवून दिली. वहीच्या नेहमीच्या जागेवर. त्यानंतर तिला लिहिताना मी बघितलं नाही. एका घरात दोन माणसं आणि आवाज फक्त भांड्यांचा. तू गेल्याचं खरं कळलं ते तेव्हा.

मे महिन्यात ताई आली. म्हणाली, पोर एकटी पडलीय, माझ्याकडे पाठव, शहरात मैत्रिणी मिळतील. मी जुईकडे बघितलं. ती म्हणाली, "जाते." मी म्हणालो, "बरं." फॉर्मवर सही केली. तिच्या भल्याचंच आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो. आज गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात केला, मी 'अभ्यास कर' म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही बघ.

मघाशी भात टाकायला डबा काढायला गेलो, तर वर वही. आधी वाटलं विसरली. पण तुझी लेक ती, विसरेल कशी? शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. कालची ओळ आहे.

'मला जायचं नव्हतं. बाबा 'नको जाऊस' म्हणतील असं वाटलं म्हणून मी जाते म्हणाले. खरं सांगायला हवं होतं.'

खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्यात.

मग मागची सगळी पानं चाळली. ती लाल शाई सोडली तर सहा वर्षांच्या प्रत्येक पानावर माझी ओळ कोरी आहे. एवढी वाट बघितलीत तुम्ही दोघींनी! अगं, एकदा हात धरून बसवायचं होतंस मला. नाही, हा दोष परत तुझ्यावर ढकलला. नियम मोडला, माफ कर.

भात तसाच राहिला. पोरीचं निळं पेन घेतलं आणि माझ्या ओळीवर लिहिलं: 'मला ती जायला नको होती. एकटं राहायची भीती वाटत होती. ते न सांगता मी सही केली.' एका ओळीत मावलं नाही, समासात गेलं. जाऊ दे.

तुला शब्द देतो, उद्या पहिल्या गाडीनं रत्नागिरीला जातो. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. तिला काही विचारणार नाही, समजावणार नाही, चल घरी असंही म्हणणार नाही. वही तिच्यापुढं ठेवीन आणि गप्प बसेन. ती वाचेल, मग राहायचं की यायचं ते तीच ठरवील. तेवढं तू तिला शिकवलंयस. राहते म्हणाली तर मी एकटा परत येईन, आणि दिवे लागले की रोज लिहीन.

माझी ओळ भरली. मधली तुझी आहे, ती कोरीच ठेवलीय.

तुझा,
दिनकर