सिस्टरांची ओटी

४ जानेवारी २०२५

ती. मुक्ताआत्यास,
ऋतुजाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मोबाईलवर लिहिलं की तुझ्या आधी तुझा नातू वाचतो आणि पुसूनही टाकतो, म्हणून हे पत्र. तारीख उजवीकडे घातली आहे, तुमच्या सिस्टरांनी तुला शिकवलं तशी. चूक काढू नकोस.

आपल्या गावच्या सिस्टरांच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. एक फेब्रुवारीला कार्यक्रम आहे आणि स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी तिथंच शिकवते ना, मग सुटका कशी होणार! पहिलं वाक्य झालंय: दोन धर्मभगिनींनी या ओसाड माळावर ज्ञानाची गंगा आणली. पुढं पेन हलत नाही.

एक सांग. नवीन सिस्टर गावात आली की आपल्या बायका तिची ओटी भरतात, ती का? कुणालाच सांगता येत नाही. शाळा काढणाऱ्या सिस्टर रोझलिन केरळातून मुद्दाम येणार आहेत. शाळेची पहिली विद्यार्थिनी तू, म्हणून त्यांची ओटी तूच भरायची असं ठरलंय. तुला विचारून नाही, परस्पर ठरवलंय.

लोभ आहेच, तो सुनेपेक्षा भाचीवर जरा जास्त असू दे.

तुझी,
ऋतुजा


अकलूज
१० जानेवारी २०२५

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी गंगा आधी खोडून टाक. माळ ओसाड नव्हता, आमची ज्वारी होती तिथं.

खरं झालं ते असं. माझ्या आजोबांनी कडबा ठेवायचं शेड शाळेला दिलं, पण पोरी कुणी धाडेना. दोघी सिस्टर तरण्याताठ्या, अंगात पांढरे झगे, हातात बांगडी नाही, कपाळ मोकळं. बायकांनी ठरवूनच टाकलं की बिचाऱ्या बालविधवा हायत, त्यांच्या हाताखाली पोरी नकोत. दोघी रोज शेड झाडायच्या आणि रिकाम्या शेडात बसून राहायच्या.

मग संक्रांतीच्या सुमारास माझी आजी बजाबाई आडावर पाणी शेंदत असताना तिला सिस्टर रोझलिनच्या बोटात अंगठी दिसली. आजीला दम कुठला! तिनं सरळ विचारलं, नवरा हाय का म्हणून. सिस्टरांना तेव्हा मराठी बेताचंच. त्यांनी गळ्यातल्या क्रुसाकडं बोट दाखवलं, त्यालाच वाहून घेतलंय म्हणाल्या. आजी म्हणाली, पण त्यो तर मेल्याला दिसतोय. सिस्टर म्हणाल्या, मेला होता, तिसऱ्या दिवशी उठला, अजून जिवंत आहे. झालं! आजीनं घागर तिथंच ठेवली आणि आळीभर सांगत सुटली की बाई सवाष्ण हाय, नवरा जित्ता हाय, आन् लई मोठ्या घरचा हाय. त्याच संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावून दोघींची ओटी भरली. दुसऱ्या दिवशी आजीनं मला ओढत शेडात नेऊन बसवलं, मागनं सगळ्या आळीच्या पोरी आल्या. हा तुझा इतिहास. छापायची हिंमत असेल तर छाप.

ओटी भरायला मात्र मी येणार नाही. आमचे मालक जाऊन वर्ष झालं. ते गेल्यापासून मला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, हे तुला माहीत नाही असं नाही. मनात लई आहे गं, पण चारचौघींसमोर कुणी हात धरला तर मला सोसायचं नाही. सवाष्णीनं भरावी. आणि पत्रिकेत माझ्या नावामागं गं. भा. छापू नको, मुक्ता पुरे.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
आत्या


१७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र हेडमिस्ट्रेस सिस्टरांना वाचून दाखवलं. हसून हसून त्यांचा चष्मा खाली पडला. त्या म्हणाल्या, जसंच्या तसं छापा, पोपसाहेबांना मराठी येत नाही.

तू येत नाहीस आणि का येत नाहीस, हे सिस्टर रोझलिनना फोनवर सांगितलं. रागावू नकोस. त्या नुसतं हं म्हणाल्या. तू स्टेजवर चढू नकोस हवं तर, मागं बस, पण ये. नाही आलीस तर मी आजन्म तुझ्या हातची शेंगाचटणी खाणार नाही. आता ही शपथ मोडायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

कळावे, आणि कळलं नाही तरी यावे.

तुझी,
ऋतुजा


अकलूज
३ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

तू मंडपात माईक धरून सगळ्यांवर ओरडत होतीस, म्हणून तुला आतलं ठाऊक नाही. स्टेजवर ओटीची तयारी दिसली तशी मी हळूच उठले आणि आमच्या जुन्या शेडात जाऊन बसले. आता बालवाडी आहे तिथं. एवढ्याशा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, तेवढ्यात सिस्टर रोझलिन काठी टेकत आल्या. भरलेली ओटी तशीच झग्याच्या ओच्यात धरलेली.

त्या आमच्याकडनंच मराठी शिकल्या, अजून तसंच बोलतात. मला म्हणाल्या, मुक्ते, हितं लपलीस व्हय. मग म्हणाल्या की माझा नवरा जित्ता हाय हे तुझ्या आजीनंच ठरवलंय, आजवर गावात कुणी मोडलं न्हाई. मग मी सवाष्ण, आन् सवाष्णीनं कुणाची ओटी भरायची ते तिचं ती बघंल. एवढं बोलून मला कुंकू लावलं आणि ते खण, नारळ, तांदूळ सगळं माझ्या पदरात ओतलं. मी लहान पोरीसारखी रडले, ऋतुजा. त्यांनी मला नाक पुसायला लावलं, पहिलीत लावायच्या तसंच.

एस.टी.त बायका कपाळाकडं बघत होत्या. मी पुसलं नाही.

त्या तांदळाची खीर केली. उद्या रथसप्तमी. मी घरी हळदीकुंकू ठेवलंय. शेजारच्या हेमावतीला पहिलं बोलावलं, तिचा नवरा गेल्यापासून तिला कुणी बोलावत नाही. सांगायला गेले तर ती तिच्या दारातच थबकून म्हणाली, मला कसं चालंल. मी म्हटलं, चालतंय की, आमच्या शाळेत असंच शिकवलंय.

चटणी पाठवते. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मुक्ताआत्या