आतून ठोकलं तर

१० नोव्हेंबर, सोमवार
नवी नोकरी, म्हणून नवी वही. धुळ्याहून सकाळच्या बसने एरंडोलला उतरले. शीतगृह रस्त्यालाच लागून आहे, केळीच्या गराचे डबे इथे उणे अठरा अंशांवर ठेवतात. मी सुरक्षा अधिकारी. अमोनिया गळाला तर वाऱ्याच्या कुठल्या अंगाला पळायचं, मास्क कसा चढवायचा, थंड खोलीत अडकलं तर काय करायचं, हे कामगारांना शिकवायचं. मालक श्रेयांसभाऊंनी चहा पाजला आणि सांगितलं की बाईमाणसाचं कोणी ऐकलं नाही तर मला हाक मारा. मी म्हटलं, गरज पडणार नाही. मनात म्हटलं, बघू कोण कोणाला पुरून उरतं ते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सगळ्या खोल्या तपासल्या. चार नंबरच्या खोलीत आतून दार उघडायचा दांडा बर्फाने गच्च धरलाय आणि घंटीची वायर कापलेली. इथले जुने ऑपरेटर लोटनभाऊ शांतपणे म्हणाले, मीच कापली, आपोआप वाजायची.

मग खोदून खोदून विचारलं. दोन वर्षांपूर्वी हिलाल नावाचा हमाल त्या खोलीत अडकून मेला. तो ठोकत होता आणि बाहेरच्यांना ऐकू येत होतं. पण सगळे बाहेरच आहेत असं त्यांना वाटलं. गावाकडे रात्री, भूत असेल या भीतीने, कोणी नाव घेऊन तीनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाहीत, ती रीत यांनी इथे दिवसाच्या कामालाही लावली. हाक नाही तर दार नाही. आता वीतभर जाडीच्या दारातून हाक यावी कशी? येतो तो नुसता ठोका. ऐकून माझं डोकंच फिरलं. हिलालला भुताने नाही, या रीतीने मारलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दांड्यावरचा बर्फ काढून घेतला, घंटी जोडून घेतली. दाराशेजारी भिंतीवर रंगाने लिहिलं: आतून ठोकलं की आधी उघडायचं, मग विचारायचं. हमालांचे मुकादम जीवरामआबा बराच वेळ वाचत उभे होते. मग म्हणाले, “नाव लीसन हाक मारा बिगर दार उघाडानं नही, ताई.” मी म्हटलं, आबा, मी असेपर्यंत हाक नसली तरी उघडायचं. ते तंबाखू मळत निघून गेले.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज सराव. मी स्वतः आत गेले, दार लावायला लावलं आणि दोनदा ठोकलं. कोणी उघडलं नाही. शेवटी दांडा ओढून बाहेर आले आणि सगळ्यांवर तोंडसुख घेतलं.

लोटनभाऊ खाली बघत म्हणाले, एवढा वेळ ठोकत कशाला बसलात?

मी दोनदाच ठोकलं होतं. गारठ्याने पत्रा आकसतो, त्याचा आवाज असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार
पुन्हा सराव. पुन्हा आत. एकदा ठोकलं आणि दार उघडलं. लोटनभाऊंनी. मला रडू आलं. जिंकले.

ठोके मात्र आजही — माझ्या पाठीमागून. डब्यांच्या थप्पीकडून. लोटनभाऊंना बोलले नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
चार नंबरची घंटी वाजली. आत कोणी नाही. वायर ठीक, बटण ठीक. घाबरले. हो, घाबरले. पण वायर कापू दिली नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
दोन हमाल कामावर आले नाहीत. श्रेयांसभाऊंचा फोन — भिंतीवरचं पुसून टाका. नाही म्हटलं. ते पुसायचं तर आधी मला काढा.

२२ नोव्हेंबर, शनिवार
भर दुपार. चार नंबर आताच रिकामी करून बंद केली. कोपरान् कोपरा मी पाहिला. बाहेर हजेरी घेतली. सगळे आहेत.

आणि ठोका.

सगळे माझ्याकडे बघतायत. जीवरामआबा हळूच म्हणाले, “बठ्ठा आठेच शेतस, ताई. मंग मझार कोन शे?”

सगळे इथेच, मग आत कोण, मलाही माहीत नाही, आबा.

वही दारालाच टेकवून लिहितेय. काही झालं तर मागे राहावं म्हणून. पत्रा थरथरतोय, वहीसकट —

आज मी उघडलं नाही तर यांच्यातला एकही जण पुन्हा कधी उघडणार नाही. मग खरंच कोणी आत असेल, तो ठोकून ठोकून — नाही. दुसरा हिलाल होऊ देणार नाही.

लोटनभाऊ पुढे आले. त्यांना मागे सारलं. नियम माझा आहे.

पुन्हा ठोका. जोरात. माझ्या हाताच्या उंचीवर.

आधी उघडायचं, मग विचारायचं. डावा हात कडीवर ठेवलाय. ओढते. मी ओढायच्या आधीच आतून कोणीतरी दांडा —