साडेतीन सेंटिमीटर खाली

२६ ऑक्टोबर, सकाळ
निर्णय झाला. गाडी खाली करायची. बुटक्या स्प्रिंगा, अठरा इंची अलॉय चाकं. आणि तीच गाडी घेऊन मिसाओला माहेराहून परत आणायचं.
मिसाओ आईचे गुडघे दुखतात म्हणून डोंगरात मिनाकामीला गेली आहे. आठवडाभरासाठी. तो आठवडा ऑगस्टमध्ये सुरू झाला. सासूबाईंचे गुडघे खरंच वाईट असणार.

२७ ऑक्टोबर
यामागे विचार आहे, उगाच खूळ नव्हे. लग्नाआधी माझ्याकडे दोन दारांची गाडी होती. इतकी खाली की खालून मांजर जायचं नाही. तीत बसवून मिसाओला पहिल्यांदा आकागीच्या घाटात नेलं. वरपासून खालपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरून बसली होती. खाली पोचल्यावर रस्त्याच्या कडेला तोंड झाकून बसली. इतकी भारावली होती. वसंतात लग्न झालं.
आता दारात काय उभं आहे? पांढरी, चार दारांची, पतपेढीच्या मॅनेजरसारखी गाडी. असल्या गाडीत प्रेम टिकेल कसं?

१ नोव्हेंबर
ओगावाराच्या टायरच्या दुकानात गेलो. रांग रस्त्यापर्यंत. सगळं माएबाशी गाव बर्फाचे टायर बसवायला आलेलं. ओगावारा म्हणाला, मुरोझुमीसान, तुमचेही बर्फाचेच ना? मी म्हटलं, नाही, स्प्रिंगा आणि चाकं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग लांब डोंगराकडे. शिखरं पांढरी झाली होती. म्हणाला, अहो, लोक हिवाळ्याची तयारी करतायत आणि तुम्ही वरात काढताय. वहिनींना माहीत आहे का?
एके काळी हाच माणूस आमच्यासोबत घाटात गाड्या पळवायचा. आता पक्का दुकानदार झाला. वाईट वाटलं त्याच्यासाठी.

३ नोव्हेंबर, सुट्टी
मिसाओला फोन केला. म्हटलं, एक सरप्राइज आहे, गाडीबद्दल.  ती म्हणाली, गाडीबद्दल? खरंच? आवाज बदलला तिचा. मग म्हणाली, मलाही तुम्हाला काही सांगायचंय. मी म्हटलं, आत्ता नको, भेटीत सांग. फोनवर सगळं सांगून टाकलं की भेटीत मजा राहत नाही.
तिला माझ्या मनातलं कळलं असणार. गाडीचा विषय तिचाही आवडता आहे. गेली तीन वर्षं म्हणत होती, सरकत्या दाराची उंच छोटी गाडी घेऊया, आईला चढायला-उतरायला बरी पडेल, माझीही कंबर धरते. मी विचार करतो म्हटलं होतं. करतो आहे. दिलेला शब्द मी मोडत नाही.

९ नोव्हेंबर
बसली! चाकं काळपट चंदेरी, अगदी मडगार्डच्या कडेशी समपातळीत. टायर आणि मडगार्ड यांच्यात एक बोट जातं, दुसरं जात नाही. गाडी साडेतीन सेंटिमीटर खाली आली. मी पाच सेंटिमीटर वर गेलो. लगेच फोटो काढून तोक्योला पोरीला पाठवला.
घरी पार्किंगच्या चढावर पुढचा बंपर थोडा घासला. उभं राहून दिसत नाही. वाकलं तरच दिसतं. माणसं कशाला वाकतील?

१० नोव्हेंबर
नियमाप्रमाणे गाडी जमिनीपासून नऊ सेंटिमीटर हवी. आमच्या वेळी सिगारेटचं पाकीट उभं करून खालून सरकवायचो, गेलं की पास. मी सिगारेट सोडली आहे, पण मोजायला पाकीट आणलं. गेलं. जरासं चेपलं, पण गेलं. नियम गाडीसाठी आहे, पाकिटासाठी नाही.
एक ओढली, वाया जाऊ नये म्हणून. संध्याकाळपर्यंत एकही वाया गेली नाही. उद्यापासून परत बंद.

१४ नोव्हेंबर
रस्त्याचा प्रत्येक सांधा कमरेला कळतो. याला गाडीशी एकरूप होणं म्हणतात. रेल्वे फाटक ओलांडताना दाढेतलं सिमेंट निखळलं. डेंटिस्टने विचारलं, चिकट गोळी चघळलीत का? हो म्हटलं.

१६ नोव्हेंबर
तोक्योहून शिहोचा फोन. पोरगी नोकरीला लागल्यापासून बापाशी वकिलासारखी बोलते. म्हणाली, बाबा, तुम्ही आईच्या घरी त्या गाडीने जाणार नाही. म्हटलं, आईला अशी गाडी आवडते, आकागीच्या घाटात ती कशी भारावली होती ते तुला माहीत नाही. शिहो म्हणाली, बाबा, आई ओकत होती. तुम्ही कॉफी आणायला गेलात तेव्हा. मला लहानपणापासून माहीत आहे. म्हटलं, मग मला कोणीच कसं सांगितलं नाही? म्हणाली, आईने सांगितलं होतं. बऱ्याचदा.
फोन ठेवल्यावर आंघोळीच्या टबात बसून राहिलो. पाणी गार झालं तरी. फार वाईट वाटलं. घरात एकच टूथब्रश आहे, हे आजच दिसलं.

१७ नोव्हेंबर
त्या दिवशी मिसाओचं पोट आधीच बिघडलं असेल. सकाळी तिने शिळं काही खाल्लं असेल. बेत कायम.

२२ नोव्हेंबर, सकाळ
आज आदर्श जोडप्यांचा दिवस. बेकरीबाहेर पाटी आहे, नवरा-बायकोच्या नावाने दोन केक घेतले तर डबा गुलाबी. घेतले. गाडी धुतली. वाऱ्याने हात बधिर झाले, पण चाकांत तोंड दिसतं. हवामान खातं मिनाकामीला बर्फ म्हणतं. खात्याचं फार मनावर घ्यायचं नसतं. निघतो. येताना दोघं असू.

२२ नोव्हेंबर, वाटेत, डोंगराखालचा पेट्रोल पंप
लिहवत नाही, पण आत्ता नाही लिहिलं तर उद्या मी हे वेगळंच लिहीन.
सासूबाईंचं घर चढावर आहे. चढाच्या तोंडाशी गटारावर सिमेंटची फरशी. पुढची चाकं वर चढली, पोट फरशीवर बसलं. वर भुरभुर बर्फ. मागची चाकं नुसती फिरत राहिली. तेवढ्यात मागून गाडी आली. उंच छपराची, सरकत्या दाराची, काचेवर नवशिक्या चालकाची खूण, हिरवं-पिवळं पान. मी वाट अडवली होती. तिने हॉर्न दिला नाही. थांबली.
चालवत होती मिसाओ. लग्नाआधी काढलेलं लायसन्स कपाटात पडून होतं. एका घरात दोन ड्रायव्हर कशाला, असं मीच म्हणायचो. दार सरकलं आणि सासूबाई कोणाचा हात न धरता खाली उतरल्या. दवाखान्यातून येत होत्या. जावईबापू, बर्फाचे टायर नाहीत का हो? म्हणाल्या.
मिसाओने शेडमधून दोन फळ्या आणल्या, चाकांखाली घातल्या. म्हणाली, मागे घ्या. सावकाश. अजून. आता थांबा. तिने सांगितलं तसं केलं. गाडी सुटली. मग ती आपली गाडी घेऊन सरळ वर गेली. मी मागून चालत गेलो. डबा उघडला तर दोन्ही केकचा लगदा. सासूबाईंनी चमच्याने वाढला.
म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठी केलं. तिने खिडकीतून खाली पाहिलं. म्हणाली, चाकं छान चमकतायत. मग म्हणाली, अहो, तुम्ही फोनवर गाडी म्हणालात ना, मला वाटलं मी मागत होते ती घेतलीत. त्या दिवशी मी बॅग भरली होती. मग शिहोने फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी जाऊन ही वापरलेली घेतली. मी आता इथेच राहणार. रागावलेली नाही मी. राग संपून खूप दिवस झाले.
बॅग भरली होती. मी ताटलीतला लगदा संपवला. 
निघताना ती फाटकापर्यंत आली. आमच्याकडे घरच्या माणसाला निघताना, जाऊन या, म्हणतात आणि बायका लगेच कामाला लागतात. लग्नापासून रोज सकाळी तिने तेच केलं. दिसेनासं होईपर्यंत उभं राहायचं, ते पाहुण्यांसाठी. आज म्हणाली, जपून जा. आणि उभी राहिली. तळ घासू नये म्हणून मी अगदी हळू जात होतो, त्यामुळे वळण येता येईना. आरशात दिसत होती. डोक्यावर बर्फ पडत होता, तरी हलली नाही. गाडी वळणाशी पोचली तेव्हा कमरेत वाकून नमस्कार केला तिने, अगदी रीतसर. मग दिसेना. मी गाडी कडेला घेतली आणि रडलो.

२३ नोव्हेंबर, सुट्टी
ओगावाराला फोन केला. म्हटलं, जुन्या स्प्रिंगा परत बसव. त्याने विचारलं, वहिनी काय म्हणाल्या? म्हटलं, गाडी वळेपर्यंत फाटकात उभी होती.
त्याने मागचं हवा भरायचं यंत्र बंद केलं. मग म्हणाला, या घेऊन. पण टायरवाल्यांची गर्दी आहे, खूप थांबावं लागेल.
म्हटलं, थांबतो. मला कुठे जायचंय.