एका वाक्याचा पोस्टमन

ट्रॉय, शनिवार संध्याकाळ

लायब्ररीत त्या ब्रिटिश नटाला ऐकायला गेले होते. सत्तरी ओलांडलीय. लंडनच्या रंगभूमीवर राजे केले, सिनेमात खुनी, टीव्हीवर विसरभोळा डॉक्टर. आता इथे अमेरिकेत मुलीकडे राहतो आणि आमच्या गावातल्या हौशी मंडळींचं नाटक बसवतोय.

आवडती भूमिका कोणती, असं कुणीतरी विचारलं. म्हणाला, पोस्टमनची, एकच वाक्य होतं. पोस्टमन का? राजा का नाही? त्याच विचारात पुढचं काही नीट ऐकूच आलं नाही मला.

कार्यक्रम संपल्यावर धीर करून त्याला गाठलं. म्हटलं, "पुण्याला कॉलेजात एकांकिका करायचे. तुमच्या नाटकासाठी ऑडिशन द्यायचीय, पण माझे उच्चार इथले नाहीत."

"माझे तरी कुठे आहेत?" तो म्हणाला.

मग पोस्टमनचं विचारलंच. म्हणाला, त्या काळात बरेच महिने काम नव्हतं. सगळं संपलं असं वाटत असताना त्या एका वाक्यासाठी बोलावणं आलं. "त्या दिवशी मी परत नट झालो," म्हणाला, आणि नाटकाचं एक पान माझ्या हातात दिलं. "वाचा."

तिथेच उभ्या उभ्या वाचलं. आधी आवाज बारीक निघाला, मग कधी मोकळा झाला कळलं नाही. इतकी वर्षं कुठे होता हा आवाज?

"मंगळवारी तालमीला या," तो म्हणाला. मावशीची भूमिका आहे. छोटीच.

घरी सांगितलं, तर ईशा फोनमधून मान वर करून म्हणाली, "आई, आर यू सीरियस?"

"हो. मंगळवारचा स्वयंपाक तू आणि बाबा बघा."