‘ऐकलं, मॅडम’

मॅडम, आमच्याकडे आता एक पुतळा आहे, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. वागळे इस्टेटमधल्या एका बंद कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर आम्ही शिकण्यासाठी ऑपरेशन थिएटर उभारलं आहे. सगळं खरं, फक्त रोगी रबराचा. त्याची छाती हलते, नाडी लागते, जीभसुद्धा सुजवता येते! भूल देणाऱ्या नव्या डॉक्टरने श्वासाची नळी चुकून अन्ननलिकेत घातली, तर पुतळ्याचं पोट फुगतं आणि छाती स्थिर राहते. मुलं घाबरतात, नळी काढून पुन्हा घालतात, आणि कोणाचंही नुकसान होत नाही. पण खरं शिक्षण त्यानंतर होतं. सगळे गोल करून बसतात आणि त्या क्षणी मनात काय होतं, ते एकेकाने सांगायचं. चूक यंत्र दाखवतं. माणूस ती का लपवतो, हे त्या गोलातच कळतं.

काल तिथे एक मुलगी म्हणाली, “सर, मी पोटावर स्टेथोस्कोप लावलाच नव्हता. लावला म्हणून खोटं सांगितलं. हा सर्जन सारखा ओरडत होता ना!” सर्जनचं सोंग घेतलेला मुलगा म्हणाला, “अगं, मला ओरडायलाच सांगितलेलं!” सगळे हसले. मग तिने विचारलं, “तुमचं कधी असं झालंय, सर?”

कल्याणचं ते छोटं नर्सिंग होम. तुमची औषधांची बॅग घेऊन मी मागे उभा आहे. टेबलावर पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एक बाई. सर्जन घड्याळ बघत म्हणतात, “अहो डॉक्टर, तुमचा शिष्य शिकेपर्यंत माझा डोंबिवलीचा पेशंट घरी जाईल.” मी घाईने नळी घालतो. तुम्ही सिरिंज भरता भरता विचारता, “पोट ऐकलंस?” नियम तुमचाच होता: हवा पोटात तर जात नाही ना, म्हणून आधी पोट ऐकायचं, मग दोन्ही फुप्फुसं. मी म्हणतो, “ऐकलं, मॅडम.” थोड्याच वेळात बाईंचे ओठ निळे पडतात. तुम्ही मला बाजूला सारून नळी काढता, मास्कने श्वास देता, नळी पुन्हा घालता. बाई वाचल्या. बाहेर नातेवाइकांसमोर सर्जननी विचारलं, “कुणाच्या हातून झालं हे?” तुम्ही म्हणालात, “माझ्या.”

परतताना रिक्षात तुम्ही विचारलंत, “खरंच ऐकलं होतंस ना रे?”

“हो, मॅडम.”

“मग मीच तुला नीट शिकवलं नाही.”

त्या सर्जननी तुम्हाला बोलावणं बंद केलं, हळूहळू इतरांनीही. वर्षभरात तुम्ही भूल देणं सोडलंत. आणि ज्या गोलात खरं बोलायचं असतं, तिथे काल मी त्या मुलीला म्हणालो, “माझ्या ओळखीतल्या एकाचं झालं होतं.”

हे पत्र पाठवायला पत्ताच नाही, असं नाही. तुमचे यजमान अजून ठाकुर्लीच्या त्याच घरात राहतात. तुम्ही गेलात तेव्हा ते मला म्हणाले, “तिच्या हातून एकच चूक झाली रे, पण ती त्यातून उठलीच नाही.” मी मान हलवली. त्यांना खरं कळायला हवं, हे मला समजतं. पण ते अजूनही दर दिवाळीला मला फराळाला बोलावतात, तुमचा आवडता विद्यार्थी म्हणून, आणि ते बोलावणं माझ्याच्याने सोडवत नाही.