चहाच्या रंगाचं पाणी

४ मे
धरण आणखी खाली गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलंय, लोक फोटो काढायला पळतायत. माझ्या जलशुद्धीकरण केंद्रात जॅकवेलमधून, धरणातल्या उपसा विहिरीतून, येतंय चहाच्या रंगाचं पाणी. काठची सगळी जलपर्णी कुजतेय, तिचा अर्क. गाळलं तरी पिवळी झाक जात नाही. हे साफ करून गावाला पाजायचं, आणि जबाबदार मी एकटी.

५ मे
सरपंच तात्या येऊन गेले. वासाची ओरड आहे, जंतू मारायची टीसीएल पावडर वाढवा म्हणाले. कुजका अंश आधी काढला नाही तर पावडरीनं वास वाढेलच, वर नको ते पदार्थ तयार होतील, असं सांगून पाहिलं. शांतपणे ऐकलं, जाताना पुन्हा तेच. वाढवली. का ऐकलं मी? वाद घालायचा कंटाळा, दुसरं काय.

७ मे
समोरच्या शेवंताकाकू. इथं रुजू झाल्यापासून रोज संध्याकाळी त्यांची हाक, "पोरी, चा झालाय गं." ह्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस. काल हाक नाही, आजही नाही. शेवटी मीच गेले, निर्लज्जासारखी. काकू ओशाळल्या. "तुझ्या पान्याला दवाखान्याचा वास येतुय गं. चा तोंडात धरवंना." कोपऱ्यात विकतचा जार. त्या पाण्याचा चहा काही विचारला नाही. फार वाईट वाटलं.

१० मे
काचेच्या सहा भांड्यांत धरणाचं पाणी, प्रत्येकात तुरटी वेगळी. ढवळत बसले. चौथ्यात कापसासारखे पुंजके धरले, खाली बसले, वर नितळ! त्याच प्रमाणात सगळ्या पाण्याला तुरटी लावली. टीसीएल आता आधी नाही, गाळून झाल्यावर, तीही थोडी. आधी घाण, मग औषध. इतका आनंद झाला, पण सांगू कुणाला? इथं पंपाशिवाय कुणी बोलत नाही.
बारामतीहून दादाचा फोन. बदली माग म्हणतो. बघू म्हटलं.

१३ मे
रंग गेला. वास गेला. तात्यांना बोलावून पाजलं, त्यांनी मान डोलावली. गाव मात्र पीत नाही. जारचा टेम्पो माझ्याच दारावरून जातो, मेला. स्वतःच ग्लासभर प्यायले आणि रडले. येडपट कुठली.

१५ मे
दुपारी काकू आल्या, विरजण मागायला. त्यांच्या घरात विरजण नाही, असं कधी होतं का? पण आल्या. पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. सुनेचं, म्हशीचं, सगळं बोलून झालं, तांब्याला हात नाही. उठताना तांब्याकडे बघत म्हणाल्या, "हे बाटलीत भरून दे. घरी चा टाकून बघती."
भरून दिलं. निम्मं पाणी बाहेरच सांडलं माझ्या हातून.
संध्याकाळ झाली. त्यांच्या दारातला दिवा लागलाय. हाक अजून नाही.
मी आज माझा चहा केलेला नाही.