दहा वाजून दहा मिनिटं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून कान धरतो. डावा धरतो, कारण उजव्याचा आता धरण्यापुरताच उपयोग उरलाय. डॉक्टर म्हणाले, मागांच्या खडखडाटात सव्वीस वर्षं काढल्यावर एवढं ऐकू येतंय हेच नशीब समजा. तेव्हा फोनवर तुला घसा फोडायला लावण्यापेक्षा पत्र बरं.

मुख्य बातमी ही की सिनेमा पाहिला! बाबांनी साक्ष दिली होती त्या खून खटल्यावरचा. तिसऱ्या रांगेत बसलो. संवाद कळले नाहीत. ही माझ्या तळहातावर बोटाने लिहून सांगत होती, पण मीच तिचा हात बाजूला केला. चेहरे पुरेसे होते. छापखान्यातल्या त्या बाइंडरचं काम ज्याने केलंय त्याला तोड नाही, ताई. घरमालक दारात उभा राहून खोली रिकामी करायला सांगतोय, आणि हा खाली मान घालून कागदाच्या घडीवरून नख फिरवतोय, फिरवतोय, थांबतच नाही. तेव्हाच कळतं की हा माणूस आता कुणाचा तरी जीव घेणार. आणि तो लोखंडी दांडा उचलतो तो प्रसंग! सहा मिनिटं हिने डोळ्यांवरचा पदर काढला नाही. बेचाळीस वर्षांपूर्वीचं सगळं कसं उभं केलंय, त्या रुंद कॉलरी, तबकडीचे फोन, आपल्या घड्याळांच्या दुकानातला हिरवा दिवासुद्धा.

माती खाल्ली ती बाबांचं काम करणाऱ्याने. अख्खा खटला ज्याच्या शब्दावर उभा, तो साक्षीदार! घरमालक पडला तेव्हा त्याचं मनगटी घड्याळ आपटून दहा वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं. बाइंडर साडेनऊपर्यंत छापखान्यात सगळ्यांसमोर होता, पुढे तो कुठे होता हे कुणीच पाहिलं नाही. घड्याळ आपटूनच त्या वेळी थांबलं, या बाबांच्या एका जबाबावर त्याला चौदा वर्षं आत बसावं लागलं. आणि हा गडी पिंजऱ्यात ओंडक्यासारखा उभा. मान खाली, नजर फरशीवर. बाबांच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या क्षणाचं मातेरं केलं.

एक गंमत. सिनेमातल्या आपल्या दुकानात जेवढी बंद घड्याळं टांगलीत, सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं! आणि मेलेल्या माणसाच्या घड्याळातही तेच. सजावट करणारा झोपला होता की काय? आपल्या दुकानात जे घड्याळ जिथे थांबलं तिथेच थांबलेलं असायचं, मला चांगलं आठवतं.

कारखान्यात माझा भाव वधारलाय. मुकादमाने हात मिळवला. तू सिनेमा बघ आणि मत कळव. आपलं पटणार नाहीच, पण म्हणून तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
बारक्या

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

कानाचं यंत्र घे म्हणून मी तीन वर्षं सांगते आहे. यंत्र घेतलं असतंस तर तुझा लाडका बाइंडर किती किंचाळतो ते तरी ऐकू आलं असतं. बघून आले सिनेमा, दोनदा बघितला.

तुझं मत मला साफ अमान्य. तुझ्या नटाने डोळे वटारले, शिरा ताणल्या, काम जोरात केलं हे खरं. पण मी खऱ्या बाइंडरला पाहिलंय. तू पाच वर्षांचा होतास, मी अकराची. खुर्चीला पाय लागला तर खुर्चीची माफी मागणारा माणूस तो. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला त्याने न सांगता पुठ्ठा घातला होता, कोपऱ्यांना निळं कापड लावून. खळीच्या वासाने त्याला शिंका यायच्या, एका वेळी सात-आठ. हे कुणी दाखवलं नाही. आणि ती सहा मिनिटं पाहिली कुणी होती? कुणीच नाही. दिग्दर्शकाने रचली, आणि आता सगळं गाव आपण स्वतः तिथे उभे होतो अशा थाटात सांगत सुटलंय.

फौजदार ठीक होता, मिशी सोडून. घरमालकाची बायको रडताना सुंदर दिसण्याची काळजी घेत होती. आणि तू ज्याला ओंडका म्हणतोस त्या एकट्याने चोख काम केलंय. बाबा अगदी तसेच उभे होते. मी आईबरोबर मागच्या बाकावर होते.

बाइंडर अजून आहे, हे तुला माहीत नसेल. एक्याऐंशी वर्षांचा. त्याची भाची परवा भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन माझ्याकडे दुकानात आली. सिनेमा लागल्यापासून लोक त्यांच्या खिडकीखाली येऊन उभे राहतात म्हणे. दूधवाला दूध जिन्याच्या पायथ्याशी ठेवून जातो. बाइंडर केस कापायला गेला तर न्हाव्याने हात जोडून दुसरीकडे जायला सांगितलं. हे तिने हसत हसत सांगितलं, मग माझ्या स्टुलावर बसली आणि तिचं हसू गेलं.

घड्याळांच्या काट्यांचं सोडून दे. तुझ्या बायकोला माझी आठवण सांग, आणि मोठ्या बहिणीचं कधीतरी ऐकत जा, म्हणजे माझी माया वाया जाणार नाही.

तुझी
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोडून कसं देऊ? मी मागावर बसणारा माणूस, एक धागा चुकला तरी मला झोप लागत नाही. आणि ऐक, रविवारच्या पेपरात एक सदर सुरू झालंय. जुन्या काळावरच्या सिनेमांतल्या चुका कळवायच्या. चांगली चूक सापडली तर नावानिशी छापतात. आपल्या घरात कुणाचं नाव छापून यावं अशी ही पहिलीच संधी. पत्र लिहून ठेवलंय. खाली सही केली आहे ती ‘घड्याळवाल्याचा मुलगा’ म्हणून. शनिवारी एकवीस तारखेला सुट्टी आहे, तेव्हा टाकतो.

बाइंडरच्या भाचीचं वाचून वाईट वाटलं. पण ताई, केलं ते त्याने केलं. तू त्याच्या निळ्या कापडावर भाळलीस. माणूस पुस्तकांना प्रेमाने पुठ्ठे घालतो म्हणून तो दांडा उचलणार नाही असं थोडंच आहे? बाबा काय खोटं बोलले?

आणि एवढं चिडायला काय झालं? आपण सिनेमावरून आधी भांडलो नाही असं नाही, पण तू दोनदा एकच सिनेमा बघितल्याचं मला आठवत नाही. तब्येत बरी आहे ना? रागावली असलीस तरी लोभातून वजा करू नकोस.

बारक्या

१८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

ते पत्र टाकू नकोस. हे आधी वाच.

सजावट करणारा झोपला नव्हता. तपास सुरू झाला त्याच आठवड्यात आपल्या दुकानाचा फोटो पेपरात आला होता, त्यावरून त्याने इमानेइतबारे दुकान उभं केलं. त्या काळी बंद घड्याळ दुकानात आलं की पुसायचं, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणायचे आणि मग टांगायचं, अशी बाबांची शिस्त होती. काटे असे वर उचललेले असले की बंद घड्याळही प्रसन्न दिसतं, असं ते म्हणायचे. शाळेतून आल्यावर ते काम माझं असे. तुला आठवत नाही, कारण तू मोठा होईपर्यंत ती पद्धत बंद झाली होती. ती का बंद झाली तेच सांगते आहे.

त्या दिवशी बाबा कचेरीच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायला गेले होते. हवालदार एक पाकीट घेऊन आला. बाबा नाहीत म्हटल्यावर त्याने ते माझ्यापुढे ठेवलं आणि समोर चहाला गेला. मी पाकीट उघडलं. काच फुटलेलं मनगटी घड्याळ होतं. कुणाचं, कशासाठी, मला काय ठाऊक? रोज यायची तसलंच एक. काचेचे तुकडे काढले, तबकडी पुसली, काटे नेहमीसारखे दहा वाजून दहावर लावले. बाबा आले तोवर हवालदारही आला. त्याला घाई होती. बाबांनी भिंग लावलं, आपटून आतलं तोलचक्र तुटलंय, म्हणून बंद पडलं असं म्हणाले आणि काट्यांवरची वेळ कागदावर लिहून सही केली. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

चार दिवसांनी मी दुसऱ्या एका घड्याळाचे काटे लावत होते तेव्हा बाबा एकदम थांबले. त्या पाकिटातल्या घड्याळाला हात लावला होतास का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मी हो म्हटलं. ऐटीत म्हटलं रे, काम न सांगता केल्याबद्दल शाबासकी मिळेल म्हणून. बाबा रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. दोन महिन्यांनी कोर्टात उभे राहिले आणि मान खाली घालून दहा वाजून दहा मिनिटं म्हणाले.

मी काटे हलवण्याआधीची खरी वेळ मला आठवते. पावणेआठला दोन मिनिटं कमी होती. त्या वेळी बाइंडर छापखान्यात अकरा माणसांसमोर शिंकत होता.

मला हे सगळं उमगलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबा मला वाचवत होते की स्वतःला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी मला सगळी कारागिरी शिकवली, दुकान दिलं, जाताना हात हातात घेतला, पण बोलले नाहीत. मी पण त्यांचीच मुलगी. तो सुटून आल्यावर रस्त्यात दिसला की मी पलीकडे जायची. अठ्ठावीस वर्षं मी पलीकडे जाते आहे, बारक्या.

आता मी त्याच्याकडे जाणार आहे. त्याला सांगणार, मग पेपराला कळवणार. तुझ्या कारखान्यात काय होईल याची मला कल्पना आहे. तुझी माया राहील की नाही याची नाही.

ताई

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
न. वि. वि.

जाऊ नकोस. बाबा गेले, त्यांना आता उत्तर देता येत नाही. तू लहान होतीस, तुझा दोष नाही, आणि तो माणूस एक्याऐंशीचा आहे, त्याला त्याची चौदा वर्षं कोण परत देणार? मी बाबांचं नाव सांगत आयुष्यभर ताठ मानेने फिरलो. ते तरी माझ्याकडे राहू दे.

पुढचं दोन दिवसांनी लिहितो आहे. वरचं खोडत नाही, तू वाचावंस म्हणून. काल एकटाच जाऊन सिनेमा पुन्हा बघितला. फक्त बाबांचं काम करणाऱ्याकडे बघत होतो. तू म्हणालीस ते खरं आहे. तो ओंडका नाही. त्याचा अंगठा सारखा दुसऱ्या हाताच्या बोटांवरून फिरतो, घड्याळाची चावी फिरवावी तसा. म्हणजे काटे मागे फिरवता आले तर बघतोय. त्या नटाला काहीच माहीत नसणार. मी मध्यंतरातच बाहेर आलो आणि जिन्यात बसून रडलो.

पेपराचं पत्र फाडलं. तू जा. मी पुढच्या रविवारी, आठ तारखेला येतो, हवं तर आपण दोघं जाऊ. माया कुठे जाते आहे? वेडी आहेस.

बारक्या

४ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझी वाट बघितली नाही. वाट बघत बसले असते तर पाय निघाला नसता.

दोन खोल्या आहेत. खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलंय. मला तो लगेच ओळखेल असं वाटलं नव्हतं, पण घड्याळवाल्यांची मोठी मुलगी ना, म्हणाला, आणि भूगोलाचं पुस्तक टिकलं का ते विचारलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पाकीट, काटे, बाबांचा प्रश्न, पावणेआठ. तो मान हलवत शांतपणे ऐकत होता. माझं झाल्यावर त्याने भाचीला चहा ठेवायला सांगितलं.

मग तो माझी समजूत घालायला लागला, बारक्या. माझी! लहान मुलांना जगातलं सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटतं, मनाला लावून घ्यायचं नाही, म्हणाला. आपणही आधी सहा वर्षं आपण केलंच नाही असं म्हणत होतो, असं त्याने सांगितलं. तुरुंगातले साहेब दर वर्षी पश्चात्ताप होतो का विचारायचे. सातव्या वर्षी त्याने हो म्हटलं. मग कसं केलं ते विचारायला लागले, आणि त्याला तर काही आठवेना. दर वर्षी वेगळं काहीतरी सांगायचा आणि बोलणी खायचा. पण एवढी माणसं, एवढे कागद, आणि मुख्य म्हणजे घड्याळवाले. ते सरळ माणूस, ते कशाला खोटं बोलतील, असं तो स्वतःला बजावत राहिला. तेव्हा चूक आपल्याच डोक्याची असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

सिनेमा त्याने तीनदा बघितलाय. लोक ओळखतील म्हणून भाची त्याला दुपारच्या खेळाला मफलर गुंडाळून नेते. त्याचं काम करणाऱ्या नटाचं त्याने फार कौतुक केलं. तुझ्याहून जास्त. उठून उभा राहिला आणि दांडा कसा उचलला, पाऊल कुठे टाकलं, ते मला करून दाखवलं. इतकी वर्षं जे आठवत नव्हतं ते आता नीट आठवलं, म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. मग त्याला सात-आठ शिंका आल्या.

मी पुन्हा सांगितलं. अकरा माणसं, छापखाना. कोर्टाला लिहीन, पेपराला लिहीन म्हटलं. तेव्हा तो घाबरला. हात जोडून म्हणाला की आता कुठे सगळं जुळलंय, आता परत काही हलवू नका. भाचीने मला डोळ्यांनी दार दाखवलं. चहा तसाच राहिला.

पेपराचं पत्र लिहून तयार आहे. तीन दिवस झाले, पाकिटातच आहे. पाठवलं तर त्याला जे शेवटी मिळालं तेही मी काढून घेते. नाही पाठवलं तर बाबांसारखी मान खाली घालून उभी राहते. रविवारी ये आणि सांग काय करू. मला कळत नाही. खरंच कळत नाही रे.

लोभ असावा असं आपण दर पत्राच्या शेवटी लिहितो, आणि ती ओळ कुणी वाचत नाही. या वेळी वाच.

ताई